व्याकरणातल्या संज्ञेचा माग कसा काढावा: ‘सर्वनाम’ मराठीपासून मूळ भाषांपर्यंत

‘नामाऐवजी येते म्हणून सर्वनाम’ हे वाक्य शाळेच्या वह्यांत, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि व्युत्पत्ती सांगणाऱ्या पोस्टमध्ये सारखे भेटते. यात व्युत्पत्ती कुठेच नाही. ‘सर्व’चा अर्थ ‘ऐवजी’ होत नाही. वाक्यात आहे ती फक्त व्याख्या, आणि हा शब्द ज्या शास्त्रात वापरला जात होता त्या शास्त्राची ती व्याख्याही नाही.

चूक होते ती बहुधा एकाच जागी. संज्ञेचे रूप, म्हणजे अक्षरांचा बनलेला शब्द, एका वाटेने आलेले असते आणि तिचा व्याकरणातला अर्थ दुसऱ्या वाटेने. दोन्ही एकाच ओळीत गुंफले की सगळे पटण्यासारखे वाटते आणि चुकीचे ठरते. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात रूप आणि अर्थ यांची खाती वेगळी ठेवायची आहेत. नमुना म्हणून ‘सर्वनाम’ शेवटपर्यंत नेला आहे. हीच रीत ‘विभक्ती’, ‘कर्म’, ‘अव्यय’ यांनाही चालते.

तयारी

एका संज्ञेसाठी एक पान किंवा एक शीट घ्या आणि सात रकाने आखा: भाषा, साधारण काळ, सापडलेले रूप, रोजच्या वापरातला अर्थ, व्याकरणातला अर्थ, आधार (कोश किंवा सूत्र, नोंदीच्या जागेसह) आणि खात्री. खात्रीच्या रकान्यात तीनच शेरे ठेवा: ‘लेखी सापडते’, ‘नियमाने जुळते’, ‘अंदाज’. दोन अर्थांचे रकाने एकत्र करू नका. या कामात सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच होतो.

कोश लागतात ते असे. मराठीसाठी मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश. संस्कृतसाठी आपटे आणि मोनियर-विल्यम्स (१८९९). संस्कृत व्याकरणातल्या संज्ञांसाठी का. वा. अभ्यंकरांचा १९६१ चा इंग्रजी कोश, कारण साध्या कोशात शास्त्रीय अर्थ एका ओळीत उरकलेला असतो. प्राकृतातून आजच्या भाषांत उतरलेल्या शब्दांसाठी टर्नरचा तौलनिक कोश (१९६२-६६). संस्कृत शब्दांच्या इराणी आणि युरोपीय नातलगांसाठी मायरहोफरचा जर्मन व्युत्पत्तिकोश. यांतले मोल्सवर्थ, दाते-कर्वे, तुळपुळे-फेल्डहाउस आणि टर्नर हे कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

इशारा: मोनियर-विल्यम्समध्ये नोंदीच्या शेवटी ग्रीक, लॅटिन, जर्मन शब्द दिलेले असतात. ते १८९९ च्या ज्ञानावर आधारलेले आहेत. सुगावा म्हणून वापरा, पुरावा म्हणून उतरवू नका.

टप्पा १: संज्ञेला व्युत्पत्ती आहे का, ते आधी बघा

हा टप्पा गाळला तर काही वेळा सगळी मेहनत फुकट जाते. संस्कृत व्याकरणातल्या कित्येक संज्ञा शब्द म्हणून घडलेल्याच नाहीत. ‘सुबन्त’ (विभक्तिप्रत्यय लागलेला शब्द) यातला ‘सुप्’ घ्या. नामाच्या विभक्तिप्रत्ययांची यादी ‘सु’पासून सुरू होते आणि शेवटच्या ‘सुप्’ या प्रत्ययाच्या ‘प्’वर संपते. पहिला प्रत्यय आणि शेवटचे खुणेचे अक्षर जोडून झाला ‘सुप्’. ‘तिङन्त’ (क्रियापदाचे रूप) यातला ‘तिङ्’ तसाच: ‘तिप्’मधला ‘ति’ आणि ‘महिङ्’मधला ‘ङ्’. सगळे स्वर म्हणजे ‘अच्’, सगळी व्यंजने म्हणजे ‘हल्’. यांना प्रत्याहार म्हणतात. ‘लट्’, ‘लिट्’, ‘टि’, ‘घु’ ही तर शास्त्राच्या सोयीसाठी ठरवलेली लेबले आहेत. यांचा धातू शोधणे म्हणजे नसलेली गोष्ट शोधणे.

‘कृदन्त’मध्ये दोन थर आहेत. ‘अन्त’ हा खरा शब्द, तर ‘कृत्’ हे एका प्रत्ययगटाचे नाव. अशा संज्ञेचे तुकडे करून प्रत्येकाचा निकाल वेगळा लावावा लागतो.

‘सर्वनाम’ या परीक्षेत पास होते. ‘सर्व’ आणि ‘नामन्’ हे दोन्ही व्याकरणाबाहेर जिवंत असलेले शब्द आहेत.

टप्पा २: कोशात सापडेल असे रूप करून घ्या

मराठी रूप जसेच्या तसे संस्कृत कोशात शोधले की ‘नोंद नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तीन बदल हमखास करावे लागतात.

शेवटचा स्वर. मराठी शुद्धलेखनात तत्सम शब्दांचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, संस्कृतात तो मूळचा असेल तसा राहतो. म्हणून ‘विभक्ती’ शोधताना ‘विभक्ति’, ‘संधी’ शोधताना ‘संधि’ आणि ‘सन्धि’ अशी दोन्ही रूपे बघा.

प्रातिपदिक. मराठीने बऱ्याचदा संस्कृतचे प्रथमेचे एकवचन उचलले आहे, कोशात मात्र मूळ रूप असते. ‘नाम’ मिळेल ‘नामन्’खाली, ‘कर्म’ मिळेल ‘कर्मन्’खाली, ‘कर्ता’ मिळेल ‘कर्तृ’खाली.

समासाची जागा. मोनियर-विल्यम्समध्ये सामासिक शब्द पहिल्या पदाच्या नोंदीत आत दडलेले असतात. ‘सर्वनामन्’ स्वतंत्र ओळीत शोधू नका, ‘सर्व’च्या मोठ्या नोंदीत शोधा.

पडताळा: आता पानावर तीन ओळी हव्यात: ‘सर्वनामन्’ (समास), ‘सर्व’, ‘नामन्’. समासाचे वय आणि घटकांचे वय वेगळे असते. ‘नामन्’ला हजारो वर्षांपूर्वीचे नातलग आहेत म्हणून ‘सर्वनामन्’ हा समास तितका जुना ठरत नाही.

टप्पा ३: शब्द मराठीत तोंडातून आला की पोथीतून?

पूर्वज भाषांची साखळी काढताना लोक सवयीने ‘संस्कृत – प्राकृत – अपभ्रंश – मराठी’ असे लिहितात. व्याकरणाच्या संज्ञांना ही साखळी क्वचितच लागू पडते. ती लागू पडते का हे ध्वनींवरून ठरते.

‘नाम’ घ्या. दोन स्वरांमध्ये एकटा आलेला ‘म’ मराठीपर्यंत तोंडी परंपरेने पोचताना सानुनासिक ‘व’ होतो. ग्राम – गाव, आमलक – आवळा, कोमल – कोवळा, श्यामल – सावळा, जामातृ – जावई. उदाहरणे भरपूर आहेत, म्हणजे नियम पक्का. या नियमाने ‘नाम’चे काय व्हायला हवे? ‘नाव’. आणि ते झालेच आहे. जुन्या लेखनात ‘नांव’ असा अनुस्वारही आहे. तेव्हा संस्कृत ‘नामन्’चा घरचा वारस ‘नाव’ आहे. व्याकरणातला ‘नाम’ या बदलातून गेलेलाच नाही, म्हणजे तो नंतर ग्रंथांतून जसाच्या तसा घेतलेला आहे.

‘कर्म’चेही तेच. जोडाक्षर आधी दुहेरी होते, मग एकेरी होते आणि आधीचा स्वर लांबतो: सप्त – सत्त – सात, हस्त – हत्थ – हात, कर्म – कम्म – काम. बोलण्यातून उतरले ते ‘काम’, शास्त्रातून आले ते ‘कर्म’. ‘संधी’ आणि ‘सांध’ ही जोडीही याच घरातली.

आता ‘सर्व’. पालीत ‘सब्ब’, प्राकृतात ‘सव्व’, हिंदीत ‘सब’. मराठीने ही वाट धरली असती तर नियमाने ‘साव’सारखे काहीतरी दिसले असते. ‘सगळे’ या अर्थी असा शब्द मराठीत चालत नाही. आपला ‘सर्व’ तत्सम आहे. ‘सगळा’ हा ‘सर्व’चा अपभ्रंश आहे असे सर्रास लिहिले जाते, तेही चूक, ‘सगळा’चा संबंध ‘सकल’शी आहे.

दोन साध्या चाचण्या आणखी करा. पहिली, टर्नरचा कोश. त्याची कक्षा तोंडी परंपरेने उतरलेल्या शब्दांची आहे, संस्कृतातून पुन्हा उचललेल्या तत्सम शब्दांची नाही. तिथे ‘नामन्’खाली मराठीचे ‘नाव’ भेटेल. दुसरी, द्राविडी भाषा. कन्नडमध्ये ‘सर्वनाम’ आहे, तेलुगूत ‘सर्वनाममु’ आहे. या भाषांचे कूळ वेगळे आहे, म्हणजे शब्द वंशाने येणे शक्यच नाही. संज्ञा शास्त्राबरोबर प्रवास करते याचा हा सर्वांत सरळ पुरावा.

इशारा: मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे संस्कृतसाठी ‘एस’, फारसीसाठी ‘पी’, अरबीसाठी ‘ए’ अशा इंग्रजी अक्षरांच्या खुणा आहेत. शब्दापुढे नुसता ‘एस’ असेल तर तो तत्सम मानलेला असतो. कंसात संस्कृत शब्द देऊन पुढे ‘एस’ लिहिले असेल तर शब्द त्या संस्कृत शब्दावरून बदलत आलेला, असे मोल्सवर्थला म्हणायचे असते. या दोन्हींची गल्लत करू नका.

टप्पा ४: शास्त्रात संज्ञेचा अर्थ काय होता?

इथे घाई करू नये. मराठी पाठ्यपुस्तकातली व्याख्या बाजूला ठेवा आणि सूत्र उघडा.

पाणिनीच्या अष्टाध्यायीतले सूत्र आहे ‘सर्वादीनि सर्वनामानि’ (१.१.२७). अर्थ: ‘सर्व’ने सुरू होणाऱ्या यादीतल्या शब्दांना सर्वनाम म्हणावे. ‘ऐवजी’ हा शब्द नाही, तशी कल्पनाही नाही. पुढची पायरी म्हणजे ती यादी, म्हणजे गणपाठातला सर्वादिगण, पूर्ण वाचणे. परंपरेने त्यात ३५ शब्द आहेत. तद्, यद्, इदम्, अदस्, युष्मद्, अस्मद्, किम् हे आपल्या ओळखीचे. पण त्याच यादीत सर्व, विश्व, उभ, उभय, अन्य, इतर, पूर्व, पर, दक्षिण, उत्तर, स्व, एक, द्वि हेही आहेत. ‘एक’ किंवा ‘दक्षिण’ कोणत्या नामाऐवजी येतो? व्याख्या आणि यादी जुळत नाहीत. असे दिसले की समजावे, व्याख्या दुसरीकडून आली आहे.

मग हे शब्द एकत्र का? त्यांची रूपे बघा. राम शब्दाची चतुर्थी ‘रामाय’, सर्व शब्दाची ‘सर्वस्मै’. पंचमी ‘रामात्’, पण ‘सर्वस्मात्’. सप्तमी ‘रामे’, पण ‘सर्वस्मिन्’. प्रथमेचे अनेकवचन ‘रामाः’, पण ‘सर्वे’. ‘सर्वनाम्नः स्मै’ (७.१.१४) आणि ‘ङसिङ्योः स्मात्स्मिनौ’ (७.१.१५) ही सूत्रे हेच सांगतात. पाणिनीची संज्ञा रूपावर उभी आहे: ज्यांना हे वेगळे प्रत्यय लागतात त्यांचा हा गट.

आजचे मराठी व्याकरण मात्र ‘सर्व मुले’ यातल्या ‘सर्व’ला विशेषण म्हणते. ज्या शब्दावरून गटाची यादी सुरू होते तोच शब्द मराठीत गटाबाहेर गेला आहे. रूप तेच राहून अर्थ बदलल्याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे अवघड आहे.

समासाचा विग्रह स्वतःच्या मनाने करू नका. पतंजलीच्या महाभाष्यात या संज्ञेची चर्चा आहे आणि ‘सर्वेषां नामानि’, सर्वांची नावे, असा अन्वर्थ (शब्दाच्या घटकांतूनच निघणारा अर्थ) घेतला आहे. त्याचा व्यावहारिक परिणामही आहे: ‘सर्व’ हे एखाद्या माणसाचे नाव असेल तर ते सर्वांचे नाव उरत नाही, म्हणून त्याला सर्वनामसंज्ञा मिळत नाही आणि त्याची चतुर्थी साधी ‘सर्वाय’ होते. ‘तो’, ‘हा’, ‘जो’ हे कोणालाही लावता येतात, या अर्थाने ‘सर्वांचे नाव’ हा विग्रह समर्पक आहे. तो ‘नामाऐवजी’पासून मात्र बराच दूर आहे.

इशारा: ‘ही संज्ञा पाणिनीने बनवली’ असे लिहू नका. यास्काच्या निरुक्तातही (वैदिक शब्दांचा उलगडा करणारा ग्रंथ) पहिल्या अध्यायात ‘त्व’ या शब्दाला सर्वनाम म्हटलेले आहे. ‘पाणिनीत आढळते’ एवढेच लिहा. संज्ञा पाहण्याची आणि संज्ञा घडण्याची तारीख एक नसते.

‘विभक्ती’ला हाच टप्पा लावला तर तिथेही धक्का बसतो. पाणिनीकडे (१.४.१०४) नामाचे सुप् आणि धातूचे तिङ् हे दोन्ही प्रत्यय विभक्ती आहेत. म्हणजे ‘गच्छति’मधला ‘ति’ही विभक्ती. मराठीत ही संज्ञा नाम-सर्वनामापुरती आक्रसली.

टप्पा ५: घटकांचे नातलग शोधा

आता रूपाचे खाते मागे न्यायचे आहे, संस्कृतच्याही आधी, संस्कृत, इराणी आणि युरोपीय भाषांच्या सामाईक मूळ भाषेपर्यंत. त्या भाषेत लिहिलेले काहीच उरलेले नाही. नातलग भाषांतली रूपे शेजारी ठेवून मूळ रूपाची मांडणी करावी लागते आणि अशा रूपापुढे तारा (*) काढतात. तारा म्हणजे ‘हे कुठे लिहिलेले सापडले नाही’ अशी कबुली. ती गाळली तर नोंद खोटी होते.

कामाचा क्रम असा: आधी सर्वांत जवळचे नातलग, म्हणजे अवेस्ता (पारशी धर्मग्रंथांची जुनी इराणी भाषा) आणि प्राचीन फारसी. मग ग्रीक, लॅटिन, जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांचे कूळ). दिसायला सारखा शब्द मिळाला म्हणून लिहू नका. प्रत्येक ध्वनीसाठी तीच जुळणी दाखवणाऱ्या निदान तीन वेगळ्या जोड्या हव्यात.

‘सर्व’साठी: अवेस्तात ‘हउर्व’, प्राचीन फारसीत ‘हरुव’, ग्रीकमध्ये ‘होलोस’ (होमरच्या भाषेत ‘ऊलोस’), लॅटिनमध्ये ‘साल्वुस’ म्हणजे धडधाकट, सुखरूप. तपासायच्या जुळण्या तीन.

संस्कृत-लॅटिन ‘स’, इराणी-ग्रीक ‘ह’: सप्त – सेप्तेम – हेप्ता – हफ्त. सम – ग्रीक होमोस – फारसी हम. सोम – अवेस्ती हओम.

संस्कृत ‘र’, युरोपीय ‘ल’: रुच् – लॅटिन लूक्स. पुर् – ग्रीक पोलिस. श्रवस् – ग्रीक क्लेओस.

संस्कृत ‘अ’, ग्रीक-लॅटिन ‘ओ’: अष्ट – ओक्तो. अवि – ओविस. पति – पोतिस.

लॅटिन ‘साल्वुस’मधला ‘आ’ या तिसऱ्या जुळणीत बसत नाही. लॅटिनमध्ये ‘ओल’चे ‘आल’ कधी होते ही वेगळी चर्चा आहे. अशी न बसणारी जागा झाकू नका. शेऱ्याच्या रकान्यात नोंदवा. मूळ रूप साधारण *सोल्वोस् असे मांडतात. काही कोश त्यात ‘ल’नंतर एक लॅरिंजियल व्यंजनही (मूळ भाषेत मानलेला, पुढे बहुतेक ठिकाणी लोपलेला घशातला ध्वनी) धरतात.

प्राचीन फारसी ‘हरुव’चा वारस म्हणजे फारसी ‘हर’, आणि तो मराठीत फारसीतून आला आहे: हररोज, हरघडी, हरहुन्नरी. ‘हरहुन्नरी’तला ‘हर’ आणि ‘सर्वनाम’मधला ‘सर्व’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वारस आहेत. ‘हरकत’मध्ये मात्र हा ‘हर’ नाही; तो अखंड अरबी शब्द आहे.

‘नामन्’साठी नातलगांची गर्दी आहे: अवेस्ती नामन्, ग्रीक ओनोमा, लॅटिन नोमेन, गॉथिक नामो, इंग्रजी नेम, आर्मेनियन अनुन, जुनी आयरिश आइन्म, हित्ती लामन. ग्रीकमधल्या पहिल्या ‘ओ’मुळे मूळ रूपाच्या सुरुवातीला लॅरिंजियल मानावे लागते. लॅटिनमध्ये स्वर दीर्घ आणि गॉथिकमध्ये ऱ्हस्व असल्याने तारांकित रूप कसे मांडावे यावर कोशांत एकमत नाही. एक कोश निवडा, त्याचे रूप जसेच्या तसे घ्या आणि कोशाचे नाव लिहा. दोन कोशांतली रूपे मिसळून तिसरे तयार करू नका.

पारंपरिक निर्वचन (शब्द धातूवरून उलगडण्याची जुनी रीत) आणि ही तुलना यांचीही सरमिसळ होते. उणादिसूत्रांच्या परंपरेत ‘नामन्’ हा ‘म्ना’ धातूवरून सिद्ध करतात. मोनियर-विल्यम्सने तो बहुधा ‘ज्ञा’वरूनही नाही आणि ‘म्ना’वरूनही नाही असे नोंदवले आहे. परंपरेचे निर्वचन अर्थाच्या खात्यात लिहा, कारण शास्त्रकार शब्दाकडे कसे बघत होते हे त्यातून कळते. रूपाच्या खात्यात त्याला जागा नाही.

पडताळा: मराठीत आता ‘नामन्’च्या घराण्यातले तीन शब्द हाती यायला हवेत. ‘नाव’ तोंडी वारशाने, ‘नाम’ ग्रंथांतून, आणि ‘बदनाम’, ‘बेनामी’मधला ‘नाम’ फारसीतून. तिसरा संस्कृतातून फारसीत गेलेला नाही, तो फारसीला स्वतःच्या पूर्वजांकडून मिळाला आहे. इंग्रजीतही असेच दुहेरी आहे: ‘नेम’ घरचा, ‘नाउन’ लॅटिन ‘नोमेन’चा फ्रेंचमधून आलेला.

टप्पा ६: अर्थाचा माग वेगळा काढा

‘नाम’ आणि ‘नाउन’ हे खरे नातलग. म्हणून त्यांचा व्याकरणातला अर्थही मूळ भाषेतून आला असे वाटते. तसे नाही. मूळ भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘नाव’ एवढाच धरता येतो. यास्काने ‘सत्त्वप्रधानानि नामानि’ म्हणून ‘नाम’ला शब्दवर्गाचा अर्थ दिला, ग्रीक व्याकरणकारांनी ‘ओनोमा’ला दिला. वस्तूच्या नावाच्या शब्दावरून शब्दवर्गाला नाव देणे दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचू शकते. वंश एक, परिभाषा दोन.

‘नामाऐवजी’ हा अर्थ कुठून आला? दियोनिसियोस थ्राक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ शब्दजाती आहेत, त्यांतली एक ‘अंतोनिमिया’. ‘अंति’ म्हणजे ऐवजी, पुढे ‘नाव’चा शब्द. लॅटिनने त्याचे शब्दशः भाषांतर केले: ‘प्रो’ + ‘नोमेन’. त्यावरून इंग्रजी ‘प्रोनाउन’. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणांच्या साच्यावर मराठी व्याकरणे लिहिली जाऊ लागली, तेव्हा जुनी संस्कृत संज्ञा आणि इंग्रजी व्याख्या एकत्र बसवली गेली.

हे नुसते सांगून भागत नाही, पुस्तके उघडून दाखवावे लागते. कॅरीचे इंग्रजीत लिहिलेले मराठी व्याकरण १८०५ चे. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. प्रत्येकातून तीन गोष्टी उतरवा: कोणती संज्ञा वापरली, व्याख्या काय दिली, यादीत कोणते शब्द घेतले. यादी सर्वांत महत्त्वाची, कारण व्याख्या उसनी असली तरी यादीत लेखकाचे मूळ वळण उघडे पडते. त्याआधीच्या थरासाठी महानुभाव भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे जुन्या मराठीचे व्याकरण बघा.

गोव्याची वाट वेगळी आहे. थॉमस स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर इथे पोर्तुगीजमधून छापले गेले, त्याची चौकट लॅटिन व्याकरणाची. लॅटिन व्याकरणाची पद्धत कोकण किनाऱ्यावर दादोबांच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी पोचली होती हे खरे. पण त्या पुस्तकापासून मराठी ‘सर्वनाम’च्या व्याख्येपर्यंत धागा आहे असे, मधला दुवा हाती नसताना, लिहू नका.

टप्पा ७: फसवी जुळी वेगळी काढा

नोंद पक्की करण्याआधी दिसायला जवळचे शब्द मुद्दाम गोळा करा आणि प्रत्येक का बाद होतो ते लिहा.

‘प्रोनोमेन’ आणि ‘प्रणाम’: लॅटिन ‘प्रो’ आणि संस्कृत ‘प्र’ हे नातलग आहेत, ‘नोमेन’ आणि ‘नामन्’ही आहेत. तरी ‘प्रणाम’ या घरातला नाही. तो ‘प्र’ + ‘नम्’, वाकणे.

इंग्रजी ‘होल’ (संपूर्ण) आणि ग्रीक ‘होलोस’: अर्थ तोच, उच्चारही जवळचा, नाते शून्य. इंग्रजीतला सुरुवातीचा ‘ह’ लॅटिनच्या ‘क’शी जुळतो: हंड्रेड – केंतुम, हाउंड – कानिस, हार्ट – कोर. मूळचा ‘स’ इंग्रजीत ‘स’च राहतो, जसे सेव्हन. मूळ *सोल्वोस्चा वारस इंग्रजीत ‘ह’ने सुरू होऊच शकत नाही. ‘होल’च्या इंग्रजी स्पेलिंगमधले पहिले अक्षरही नंतर चिकटलेले आहे.

‘विभक्ती’ करताना ‘भाग’, ‘विभाग’, ‘भाजक’, ‘भाज्य’ हे ‘भज्’ (वाटणे) धातूचे म्हणून घ्या. ‘भाजणे’ घेऊ नका. ते ‘भृज्जति’पासून आले आहे, चुलीवरचे.

टप्पा ८: नोंद लिहा

दोन परिच्छेद लिहा, एक रूपाचा आणि एक अर्थाचा. ‘पासून आला’ हे क्रियापद फक्त वारसा किंवा उसनवारी सिद्ध झाली तिथेच वापरा. नातलगांसाठी ‘शी सगोत्र’ म्हणा. संस्कृत ‘सर्व’ हा लॅटिन ‘साल्वुस’पासून आलेला नाही, उलटही नाही. जिथे खात्री ‘अंदाज’ आहे तिथे तो शब्द वाक्यातच लिहा, तळटीपेत ढकलू नका.

‘सर्वनाम’ची तयार नोंद अशी होईल:

रूप: मराठी ‘सर्वनाम’, संस्कृत ‘सर्वनामन्’वरून तत्सम. मराठी ध्वनिबदल झालेले नाहीत (तुलना: नाम – नाव). समास निरुक्तात आणि अष्टाध्यायीत आढळतो. घटक ‘सर्व’: अवेस्ती हउर्व, ग्रीक होलोस, लॅटिन साल्वुस यांच्याशी सगोत्र, मूळ *सोल्वोस्, लॅटिनमधला स्वर वेगळे स्पष्टीकरण मागतो. घटक ‘नामन्’: ग्रीक ओनोमा, लॅटिन नोमेन, इंग्रजी नेम यांच्याशी सगोत्र, मूळ रूपाच्या स्वराबद्दल मतभेद. समास फक्त भारतीय शास्त्रातला, मूळ भाषेत न्यायचा नाही.

अर्थ: पाणिनीकडे ‘सर्व’ इत्यादी ३५ शब्दांचा, वेगळे विभक्तिप्रत्यय घेणारा गट. महाभाष्यात ‘सर्वांची नावे’ असा अन्वर्थ. ‘नामाऐवजी येणारा शब्द’ हा अर्थ ग्रीक अंतोनिमिया – लॅटिन प्रोनोमेन – इंग्रजी प्रोनाउन या मार्गाने, एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणांतून मराठीत.